मिसळत नाही म्हणजे काय करत नाही?

समोरच्याचं म्हणणं खोडायचं, तर ते आधी त्याला स्वतःला मांडता येईल त्याहून नेटकं मांडावं, अशी आपल्याकडच्या वादपरंपरेची रीत आहे. अंतर्मुख माणसाविरुद्धचा पूर्वपक्ष मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो, फक्त तो कुणी सलग लिहून ठेवलेला नाही. प्रगतिपुस्तकात शेरा येतो, 'हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही'. लग्नघरात त्याला आखडू म्हणतात, चाळीत घुम्या, ऑफिसात 'टीम प्लेअर नाही'. स्थळ पाहून परतताना मावशी रिक्षात बसल्या बसल्या विचारते, "मुलगा शांत आहे हे ठीक, पण इतका?"

हा पक्ष उथळ नाही. आपल्याकडे नातं टिकतं ते येण्याजाण्यावर. बारशाला कोण आलं होतं, दहाव्याला कोण आलं नाही, याची नोंद बायका तोंडपाठ ठेवतात आणि ती वर्षानुवर्षं पुसली जात नाही. जो कुणाच्या दारात जात नाही त्याच्या मातीला कोण येणार, हा प्रश्न आज टोमण्यासारखा वाटतो. पण पेरणीला बैल आणि आजारपणात पैसा शेजाऱ्याकडूनच यायचा, त्या काळात तो जगण्यामरण्याचा प्रश्न होता. चार माणसांत ऊठबस असणं हीच माणसाची पत होती. तेव्हा जो ऊठबस टाळतो त्याच्याकडे संशयाने पाहणाऱ्या गावाला मी मूर्ख म्हणणार नाही. आरोप मात्र तपासून पाहायला हवेत: तो लाजाळू असतो, त्याला माणसं नकोशी असतात, तो स्वतःला शहाणा समजतो आणि पुढारपण त्याला झेपत नाही.

लाजेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. न्यायशास्त्रात लक्षणाचे दोष शिकवताना गाईचं उदाहरण देतात. गाय म्हणजे शिंगांचं जनावर म्हटलं तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबडं जनावर म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'अंतर्मुख म्हणजे लाजाळू' या लक्षणात हे दोन्ही दोष एकदम सापडतात. माणसांची ओढ आहे, मैफलीत बसायचं आहे, पण उंबऱ्यावरच पाय अडतो, असे कितीतरी लोक असतात. उलट हजारांच्या सभेत न अडखळता तासभर बोलणारा, आणि सभा संपल्यावर चहाला न थांबता घरी जाणारा माणूसही आपण पाहिलेला असतो. लाज म्हणजे लोक काय म्हणतील याची भीती. अंतर्मुखता म्हणजे माणसांचा सहवास किती पुरे वाटतो, याचं माप. जोनाथन चीक आणि आर्नोल्ड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या, तेव्हा त्यांचं एकमेकींशी असलेलं नातं बेताचंच निघालं. अनोळखी जोडीदाराशी बोलायला बसवल्यावर सर्वांत अवघडलेल्या दिसल्या त्या लाजाळू आणि शिवाय माणसांची ओढ असलेल्या विद्यार्थिनी. एकटेपणा आवडणाऱ्या लाजाळू मुलींची एवढी तारांबळ उडाली नाही. ज्याला हवं आहे आणि जमत नाही, त्याचे हाल जास्त होतात, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

गंमत अशी, की अंतर्मुखांचे कैवारीही इथेच घसरतात. सुझन केन यांच्या २०१२ सालच्या 'क्वाएट' या गाजलेल्या पुस्तकात गांधीजी अंतर्मुखांचा आदर्श म्हणून येतात. पुरावा आत्मकथेतल्या संकोचाचा. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ममीबाईच्या दाव्यात ते उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचला नाही. घेतलेले ३० रुपये परत करून ते खाली बसले आणि ५१ रुपये फी घेऊन दुसऱ्या वकिलाने तो दावा चालवला. पण ही सगळी भीती झाली. यात एकांताची आवड कुठे आहे? दक्षिण आफ्रिकेतल्या फीनिक्स आश्रमापासून सेवाग्रामपर्यंत हा माणूस आयुष्यभर भरल्या घरात राहिला, तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून हिंडला, सोमवारचं मौन पाळतानाही चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लिहून भोवतालच्यांशी बोलत राहिला. मला विचाराल तर गांधीजी हे लाज असूनही माणसांशिवाय न करमणाऱ्याचं उदाहरण आहे. अर्थात गेलेल्या माणसाकडून प्रश्नावली भरून घेता येत नाही, त्यामुळे थोरामोठ्यांच्या अशा याद्या दोन्ही बाजूंनी बाद ठरवाव्यात हे उत्तम.

मुळात अंतर्मुखतेची कल्पना ज्याने जगासमोर आणली, त्या कार्ल युंगला कोण किती बोलतो याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. फ्रॉइड आणि अ‍ॅडलर हे दोन तल्लख वैद्य एकाच प्रकारच्या रुग्णांकडे पाहून इतके वेगळे निष्कर्ष कसे काढतात, हे त्याचं कोडं होतं. १९१३ च्या म्युनिक परिषदेत त्याने उत्तराचा कच्चा आराखडा मांडला आणि १९२१ साली 'मानसशास्त्रीय प्रकार' हा जाडजूड जर्मन ग्रंथ काढला. त्यात टर्टुलियन आणि ओरिजेन येतात, ल्यूथर आणि झ्विंगली येतात, शिलर आणि नीत्शे येतात, मनुस्मृती आणि गीतेतली द्वंद्वंही येतात. 'निर्द्वंद्व' ही संज्ञा तर तो संस्कृतातच वापरतो. प्रश्न असा, की मनाची ओढ बाहेरच्या वस्तूकडे आहे की त्या वस्तूने आत उठवलेल्या प्रतिमेकडे. आणि कुणीही माणूस निव्वळ एका बाजूचा नसतो, हेही त्याने बजावलं होतं. आजाराचा वास या संज्ञेला लागला तो फ्रॉइडमुळे. १९१६-१७ च्या व्याख्यानांत त्याने अंतर्मुख माणसाला मनोविकाराच्या वेशीवर नेऊन बसवलं.

प्रयोगशाळेत ही कल्पना नेली हान्स आयझेंकने. बर्लिनमध्ये जन्मलेला, नाझी राजवटीत देश सोडून लंडनला स्थायिक झालेला हा माणूस भांडकुदळ होता, पण एक गोष्ट त्याने नीट केली: बहिर्मुखता आणि भावनिक अस्थैर्य हे दोन स्वतंत्र अक्ष धरले. म्हणजे अंतर्मुख माणूस घाबरट असेल किंवा नसेलही. एकावरून दुसरं ठरत नाही. १९६७ साली त्याने जैविक आधार सुचवला. अंतर्मुखांचा मेंदू मुळातच जास्त जागृत असतो, म्हणून त्यांना बाहेरून कमी चेतना पुरते. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकून लाळ मोजण्याचा प्रयोग याच विचारातला. सरासरीने अंतर्मुखांना लाळ जास्त सुटली. सिद्धान्त त्या रूपात आज कुणी जसाच्या तसा मानत नाही, आणि आयझेंकच्या उत्तरायुष्यातलं कर्करोग आणि स्वभाव यांची सांगड घालणारं काम २०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने अविश्वसनीय ठरवलं, हेही सांगितलं पाहिजे. पण 'कमी चेतना पुरते' हा गाभा इतरांच्या प्रयोगांतही दिसला. रसेल गीनने १९८४ साली विद्यार्थ्यांना पाठांतराचं काम दिलं आणि पार्श्वभूमीचा गोंगाट ज्याचा त्याला निवडू दिला. अंतर्मुखांनी बारीक आवाज निवडला, बहिर्मुखांनी मोठा, आणि दोघांचं काम सारखंच चांगलं झालं. एकाचा आवाज दुसऱ्याला दिला, तेव्हा दोघांचंही बिघडलं.

आता माणसं नकोशी असण्याचा आरोप. मराठीत या आरोपाला एक ठरलेला चेहरा आहे, जी. ए. कुलकर्णी यांचा. धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक, डोळ्यांवर काळा चष्मा, सभा-संमेलनांकडे पाठ, मुलाखतीला नकार. त्यांच्याबद्दलच्या आख्यायिका कथांइतक्याच वाचल्या गेल्या. १९८७ साली ते गेले आणि मग मौज प्रकाशनाने त्यांची निवडक पत्रं चार खंडांत काढली. पहिला खंड लेखिका सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. ज्यांनी ती वाचली आहेत त्यांना तुसड्या जीएंची आख्यायिका पुन्हा गंभीरपणे घेणं अवघड जातं. पानंच्या पानं पुस्तकांवर, सिनेमांवर, बालपणीच्या आठवणींवर, मध्येच स्वतःची यथेच्छ टिंगल, समोरच्याच्या एखाद्या साध्या वाक्याला धरून पुढच्या पत्रापर्यंत चालवलेला वाद. प्रत्यक्ष भेटी मोजक्या, पण सोबत भरपूर. ज्याला माणसांचा कंटाळा आहे तो माणसासाठी इतकी शाई खर्च करत नाही. जीएंनी नाकारला तो घोळका. एका वेळी एक माणूस त्यांना हवा होता, आणि तोही पुरेपूर.

यावर पूर्वपक्षी म्हणेल, पत्रात काय, माणूस समोर नसतो, तिथे सगळेच मोकळे होतात. चालेल. पण मग आरोप बदलला. आधी म्हणणं होतं की त्याला माणसं नकोत. आता म्हणणं असं, की आम्हाला सोयीच्या पद्धतीने त्याला माणसं नकोत. वादात हरताना मूळ प्रतिज्ञा हळूच बदलण्याला नैयायिकांनी प्रतिज्ञान्तर म्हटलं आहे, आणि ते निग्रहस्थानांत, म्हणजे हार मानण्याच्या जागांत मोजलं आहे.

शिष्टपणाचा आरोप थोडक्यात निकालात निघतो. व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांची जी मांडणी आज अभ्यासक सर्वत्र वापरतात, तिच्यात बहिर्मुखता हा एक घटक आहे. इतरांशी गोडीने वागणं आणि जबाबदारी पाळणं हे दोन वेगळे घटक आहेत. गर्दीत रमणारा माणूस तुसडा असू शकतो. प्रत्येक सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तो भेटतो. आणि दहाव्याला न चुकता जाणारा, रात्री दोनला दवाखान्यात डबा पोचवणारा, पण हळदीकुंकवाच्या गप्पांत पाच मिनिटं न टिकणारा माणूसही असतो. गावाची पत ज्या येण्याजाण्यावर उभी होती, त्याला हा दुसरा माणूस कधीच अडसर नव्हता.

इथवर वाचून अंतर्मुख वाचक खूश झाला असेल, तर त्याच्यासाठीही काही शिल्लक आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत उलट दिशेचा एक पूर्वपक्ष तयार झाला आहे आणि तो इतका गोड आहे की कुणी खोडत नाही. अंतर्मुख माणूस खोल विचाराचा, संवेदनशील, सर्जनशील, आणि त्याची 'बॅटरी' माणसांत उतरते, बहिर्मुखाची भरते. विवाहमंडळाच्या माहितीपत्रकात 'इंट्रोव्हर्ट' हे आता पदवीसारखं लिहितात. खोलीचं पाहू. नव्या कल्पनांची, कलेची ओढ हा त्या पाचांतला आणखी एक वेगळा घटक आहे, आणि त्याचा जो थोडाफार संबंध दिसतो तो बहिर्मुखतेशी. गप्प बसणाऱ्याच्या मनात महासागर असेल किंवा काल रात्रीची मालिका असेल. गप्प बसण्यावरून ते कळत नाही.

बॅटरीची उपमा त्याहून डळमळीत आहे. फिनलंडच्या लाइकास आणि इल्मारिनेन यांनी २०१७ साली लोकांची दिवसभरातली वागणूक आणि थकवा पुन्हा पुन्हा नोंदवला. मोकळेपणी, उत्साहाने वागताना लोक ताजेतवाने होते आणि सुमारे तीन तासांनी दमलेले. आणि हा थकवा बहिर्मुखांनाही तसाच आला. कॅनडाच्या जॉन झेलेन्स्की यांना २०१३ साली आणखी एक अडचणीची गोष्ट दिसली. बहिर्मुखासारखं वागल्यावर आपल्याला किती बरं वाटेल याचा अंदाज अंतर्मुख माणसं कमी बांधतात, प्रत्यक्षात त्याहून बरं वाटतं. 'नाही येत मी' म्हणणाऱ्याने हे एकदा वाचावं. मात्र मेलबर्नमध्ये २०१९ साली लोकांना आठवडाभर ठरवून बहिर्मुख वागायला लावलं, तेव्हा सरासरीने लोक आनंदले, पण जे पक्के अंतर्मुख होते त्यांना फायदा कमी झाला, थकवा जास्त आला आणि आपण खोटं वागतो आहोत असं वाटलं. हे निष्कर्ष एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. मला वाटतं, संध्याकाळभराची आपखुशीची मैफल आणि आठवडाभराचा हुकूम यांत फरक आहे, आणि आपल्याकडची उन्हाळी व्यक्तिमत्त्व विकास शिबिरं दुसऱ्या जातीची असतात.

राहिला पुढारपणाचा, म्हणजे कामाचा आरोप. तो सर्वांत महागात पडतो, कारण त्यावर नोकऱ्या ठरतात. बोलण्यावरच पोट असलेलं काम घेऊ: फोनवरून विक्री. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट यांनी २०१३ साली अशा ३४० विक्रेत्यांची कमाई त्यांच्या बहिर्मुखतेच्या गुणांशी ताडून पाहिली. सर्वांत जास्त कमावणारे ना टोकाचे बहिर्मुख होते, ना टोकाचे अंतर्मुख. ते मधले होते. फार बोलणारा विक्रेता गिऱ्हाइकाचं ऐकत नाही, असं त्यांचं स्पष्टीकरण. मग दिवसभर संगणकासमोर बसून आज्ञावलीतल्या चुका शोधायच्या कामासाठी आपण निवड कशी करतो? इंजिनिअरिंग कॉलेजात कंपनी येते, मुलांना गोल बसवते, विषय तिथल्या तिथे देते, आणि पहिलं वाक्य कोण हिसकावतो ते पाहते. विषय आदल्या दिवशी कळवून दहा मिनिटं लेखी उत्तराला दिली, तर त्यात कंपनीचा खर्च कोऱ्या कागदांचा.