छपराखालचे खळे

इंग्लंडचा इतिहास म्हटला म्हणजे राजवाडे, किल्ले, कॅथीड्रले आणि पार्लमेंट यांचीच चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. ज्या अन्नावर हा सारा डोलारा उभा होता, ते अन्न ज्या इमारतींत साठविले जाई त्यांची आठवण सहसा कोणास होत नाही. वास्तविक मध्ययुगीन सुतारकामाचे काही उत्कृष्ट नमुने त्या देशातील शेतांवरच आढळतात. अशा इमारतीस तेथे ‘बार्न’ म्हणतात. कोशात या शब्दापुढे ‘कोठार’ असा अर्थ दिलेला असतो. परंतु तो अर्धाच खरा. बार्न हे कोठार तर होतेच, पण त्याहूनही अधिक ते छपराखालचे खळे होते.

आपल्या देशावर रब्बीची सुगी येते तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते. उघड्यावर खळे करावे, मध्ये तिवडा रोवावा, त्याभोवती बैलांची पात फिरवावी आणि वावडीवर उभे राहून धान्य वाऱ्यावर उफणावे, हे सहज साधते. इंग्लंडातील शेतकऱ्याला ही सोय नाही. तेथे पीक ऑगस्ट-सप्टेंबरात कापले जाते आणि पाऊस तर बारा महिने केव्हाही येतो. म्हणून पेंढ्या न मळताच घरात भरावयाच्या आणि सवडीने, हिवाळाभर, थोड्या थोड्या झोडपावयाच्या, अशी रीत पडली. बार्नची सारी रचना या एका गरजेतून निघाली आहे.

लांबट इमारतीच्या मध्यभागी, समोरासमोर दोन उंच दारे ठेवीत. पेंढ्यांनी लादलेला गाडा एका दाराने आत यावा व रिकामा होऊन दुसऱ्याने निघून जावा, इतकी ती मोठी असत. दोन दारांमधील जागेत लाकडी फळ्यांची किंवा चोपलेल्या मातीची जमीन करीत, हेच खळे. त्याच्या एका अंगास न मळलेल्या पेंढ्या, दुसऱ्या अंगास मळलेले काड. चामड्याच्या वादीने जोडलेल्या दोन दांडक्यांनी मजूर कणसे झोडपीत. मग दोन्ही दारे उघडली, की मधून वाऱ्याचा झोत वाही आणि त्यावर उफणणी होई. दाणे उडून बाहेर जाऊ नयेत म्हणून दाराच्या तळाशी काढघालीच्या फळ्या बसवीत.

एसेक्स परगण्यात क्रेसिंग टेंपल येथे अशी दोन कोठारे आहेत. एक सातूचे, एक गव्हाचे. ही जहागीर 1137 साली टेंप्लर नावाच्या लढाऊ धर्मसंघास मिळाली, आणि ही दोन्ही कोठारे तेराव्या शतकातील आहेत. सातशेहून अधिक वर्षे ती ओक लाकडाच्या सांगाड्यावर उभी आहेत. खांबांच्या दोन रांगांमुळे मध्ये एक उंच दालन आणि दोहों बाजूंस ठेंगण्या पडव्या होतात. प्रेक्षकाला चर्चचा भास होतो तो यामुळेच. ग्रेट कॉक्सवेल येथील दगडी भिंतींचे कोठार ब्यूली मठाच्या सिस्टर्शियन साधूंनी 1292 च्या सुमारास बांधले. ते 152 फूट लांब व 44 फूट रुंद असून त्याचे खांब उंच दगडी जोत्यांवर बसविलेले आहेत. विल्यम मॉरिस या कलावंतास या इमारतीचे मोठे कौतुक होते.

मिडलसेक्समधील हार्मंड्सवर्थचे कोठार मात्र धर्मसंघाचे नव्हे, विंचेस्टर कॉलेजचे. गावाची जमीन त्या विद्यालयाकडे असून तिच्या उत्पन्नातून विद्यालयाचा खर्च भागे. 1426 साली उभारलेली ही बारा खणांची वास्तू 192 फूट लांब आणि 39 फूट उंच आहे. कवी जॉन बेट्जमन याने तिला मिडलसेक्सचे कॅथीड्रल म्हटले. अशा प्रत्येक मोठ्या कोठाराला ‘टाइद बार्न’, म्हणजे चर्चच्या दशांशाचे कोठार, म्हणण्याची तेथे प्रथाच पडली आहे. ती बहुतेक ठिकाणी चुकीची. कॉक्सवेल किंवा हार्मंड्सवर्थ येथे साठत होते ते मालकाच्या स्वतःच्या जमिनीचे पीक.

इतर इमारती प्रांतपरत्वे बदलतात. उंदरांना चढता येऊ नये म्हणून भूछत्राच्या आकाराच्या दगडांवर उचललेली धान्यघरे, केंटमधील हॉप वाळविण्याचे निमुळत्या शेंड्यांचे भट्टीघर, डेव्हनच्या मातीच्या भिंती, यॉर्कशरच्या दऱ्यांतील खाली गुरे व वर गवत ठेवण्याचे दगडी गोठे, असे नाना प्रकार आहेत. पण मनुष्यांच्या सुखदुःखाशी बार्नइतका निकट संबंध त्यांपैकी कोणाचा आला नाही.

याचे कारण असे, की हिवाळ्यात शेतमजुरास दुसरे काम जवळजवळ नसे. बाहेर जमीन गोठलेली; चूल पेटावयाची ती बार्नमधील झोडपणीच्या मजुरीवर. 1786 साली स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकल याने मळणीयंत्र तयार केले आणि पुढील चाळीस वर्षांत ते इंग्लंडच्या कोठारांतून शिरले. मालकाची बचत झाली; मजुराचा हिवाळा गेला. 28 ऑगस्ट 1830 रोजी केंटमध्ये लोअर हार्ड्रेस येथे मजुरांनी एक मळणीयंत्र मोडून टाकले, आणि पाहता पाहता दंगा दक्षिणेतील परगण्यांत पसरला. गंज्या पेटल्या, ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक नावाने धमक्यांची पत्रे गेली, चर्चच्या दशांशात सूट द्या म्हणून पाद्र्यांनाही घेराव पडले. सरकारने निष्ठुरपणे उत्तर दिले. 19 जणांना फाशी झाली आणि सुमारे 500 जणांना काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियाकडे धाडण्यात आले. या लोकांना आडमुठे म्हणणे सोपे आहे. परंतु त्यांचा राग यंत्राच्या चाकांवर नव्हता, चार महिन्यांच्या भाकरीवर घाला पडला त्यावर होता. 1836 च्या कायद्याने दशांश धान्याऐवजी रोख पैशात घेण्याचे ठरले. यंत्रे मात्र राहिली.

पुढे वाफेचे इंजिन गंज्यांजवळ आणून उघड्यावरच मळणी होऊ लागली, आणि विसाव्या शतकात शेतातच कापणी-मळणी एकदम करणारे यंत्र आले. खळे छपराखालून पुन्हा बाहेर पडले. कित्येक कोठारे मोडली, कित्येकांची राहती घरे झाली. उंच दारांच्या जागी काचा बसल्या. हार्मंड्सवर्थचे कोठार 2006 साली एका खासगी कंपनीकडे गेले. पुढे इंग्लिश हेरिटेज या संस्थेने ते विकत घेतले व दुरुस्त केले. हीथ्रो विमानतळ तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

जुन्या बार्नच्या त्रिकोणी भिंतीत उंचावर अनेकदा एक लहान भोक दिसते. उंदीर मारण्यासाठी घुबडाने आत यावे म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असे. त्या पांढऱ्या घुबडास 1981 च्या कायद्याने विशेष संरक्षण आहे, आणि कोठाराचे घर करताना त्याच्या घरट्यासाठी कित्येक ठिकाणी छपराखाली एक लाकडी पेटी बसवितात.