उधारीची वही आणि गुणाची वही

मुंबईच्या गिरणगावात शंभर वर्षांपूर्वी बाळागोळी मिळायची. तिच्यात अफू असे. आई गिरणीत जाताना तान्ह्याला गोळी द्यायची, आणि थोरल्या मुलीच्या नाहीतर शेजारणीच्या हवाली केलेलं ते मूल आई परत येईपर्यंत गप्प झोपायचं. १९२२ साली डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टरबाईंनी गिरणीतल्या बायकांची आणि त्यांच्या बाळंतपणांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक सगळ्याच बाळांना अफू दिली जाते असं त्यांना आढळलं. गोळीचा गुण येत नाही, अशी तक्रार कुणी केली असेल असं मला वाटत नाही. भूक लागलेलं मूलसुद्धा झोपत होतं.

घरगुती औषधं खरंच लागू पडतात का, असं कुणी विचारलं की मी आधी ही बाळागोळी काढते. लोकांना ते आवडत नाही. त्यांना हळद-दुधाबद्दल ऐकायचं असतं.

माझ्या वडिलांचं काष्ठौषधीचं दुकान होतं आणि मी जन्मभर औषधशास्त्र शिकवलं, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांना मी थोडी फितूरच वाटते. दुकानात पत्र्याच्या डब्यांत हिरडा, बेहडा, वावडिंग, नागरमोथा, मुरुडशेंग, डिकेमाली. वैद्याची चिठ्ठी आली की जिन्नस तोलायचे, खलबत्त्यात भरड करायची, कागदाच्या पुड्या बांधायच्या. निम्मी गिऱ्हाइकं मात्र चिठ्ठीशिवायच यायची. सासूने सांगितलेलं, शेजारणीने सांगितलेलं. वडील प्रत्येकाला विचारत, “मागच्या पुडीचा गुण आला का?” आणि समोरचा हो म्हणे. नाही म्हणणारा परत कशाला येईल? सर्दी, पोट बिघडणं, अंगदुखी ही दुखणी बरीचशी आपली आपणच उतरतात, आणि उतरताना हाताशी जो काढा असेल त्याच्या नावावर जमा होतात. दुकानात उधारीची वही होती, गुणाची नव्हती. आमच्या सगळ्या धंद्याचा इतिहास मला या एका गोष्टीत दिसतो.

सर्पगंधेचंच पाहा. गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानी औषधींवरचा ग्रंथ छापून निघाला. हा माणूस तीसएक वर्षं गोव्यात राहिलेला, बाजारातली मुळं-साली स्वतः पाहणारा, जुन्या ग्रीक आचार्यांनाही खोटं ठरवायला न कचरणारा. (मेल्यावर इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली, तो छुपा ज्यू होता म्हणून.) सापाच्या विषावरच्या मुळांबद्दल लिहिताना त्यानेही मुंगसाची गोष्ट सांगितलीच. सापाशी झुंजण्याआधी मुंगूस एक मुळी खातं, ही ती गोष्ट. आपल्याकडे ती सर्पगंधेला चिकटलेली आहे. सर्पदंशावर ही मुळी शेकडो वर्षं दिली गेली आणि दंशावर तिचा काडीचा उपयोग नाही. साप चावला तरी विष दर वेळी अंगात भिनतंच असं नाही, सगळे साप विषारीही नसतात. वाचलेल्यांनी मुळीचं नाव केलं, बाकीच्यांनी काय करावं!

पण त्याच मुळीचा दुसरा उपयोगही लोकांना ठाऊक होता. बिहारकडे ती वेड्यांना शांत करायला देत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी छापलं की ती रक्तदाबही उतरवते. त्याच सुमाराला दिल्लीत सलिमुझ्झमान सिद्दिकींनी मुळीतून क्षारद्रव्यं वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खानांच्या स्मरणार्थ अजमलीन असं नाव दिलं.

नुसतं ‘उतरवते’ असं तर आमचे वडीलही म्हणाले असते. मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील या हृदयरोगतज्ज्ञांनी वही घातली. रक्तदाबाचे ५० रुग्ण घेतले, औषधाआधीचा आणि नंतरचा दाब मोजून लिहून ठेवला, ज्यांचा उतरला नाही त्यांचीही नोंद केली, आणि १९४९ साली हे सगळं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केलं. त्यानंतर जगाला जाग आली. १९५२ साली बाझेलच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं रिसर्पिन शुद्ध रूपात काढलं. बॉस्टनला विल्किन्स यांनी रक्तदाबावर, न्यूयॉर्कला क्लाइन यांनी मनोविकारांवर ते वापरलं आणि १९५७ सालचं लास्कर पारितोषिक ज्यांच्यात वाटलं गेलं त्यांत वकीलही होते. वर्गात मी हा भाग शिकवायला घेतला की एखादा विद्यार्थी अभिमानाने म्हणायचाच, “म्हणजे आपला आयुर्वेद खरा ठरला!” मी त्याला पुढचं पान उलटायला लावी. तिथे लिहिलेलं असे की रिसर्पिनने नाक चोंदतं, सुस्ती येते आणि मोठ्या मात्रेत काही रुग्णांना खोल उदासीनता येते. शिवाय मुळीत रिसर्पिन किती, हे झाड कुठलं, किती वयाचं, मुळी कधी खणली यावर ठरतं, आणि सर्पगंधा म्हणून तिच्या भाईबंदांची मुळंही बाजारात खपतात. तराजूला यातलं काही कळत नाही. म्हणून रक्तदाबासाठी मुळी उगाळून घेणाऱ्याला मी सरळ नको म्हणते.

हळदीच्या पेटंटची हकिकत सगळ्यांना पाठ आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेने १९९५ साली एका विद्यापीठाला दिलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. चांगलंच झालं. पण तिथे हळद जुनी आहे एवढंच सिद्ध करायचं होतं, आणि तेवढंच झालं. जखम तिने किती लवकर भरते, हा प्रश्न त्या कज्ज्यात नव्हताच.

अडुळशाची बाजू जरा बरी. त्यातल्या व्हॅसिसिनवरून बेतलेलं ब्रोमहेक्सिन आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असतं. घरचा काढा त्या बाटलीइतका चालतो का, हे मात्र बाटलीवरून ठरत नाही.

राहिली बाळगुटी. अजूनही नात झाली की बायका मला फोन करतात: सहाणेवर कशाचे किती वेढे द्यायचे? त्यांना वाटतं दुकानदाराची मुलगी, हिला यादी पाठ असणार. पाठ आहेच. हळकुंड, सुंठ, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, वेखंड. मग मी सांगते की वेखंडातल्या असारोनने उंदरांत गाठी झाल्या आणि अमेरिकेने १९६८ सालीच वेखंड खाण्याच्या पदार्थांतून हद्दपार केलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून बॉट्युलिझम होऊ शकतो. आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच नको. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, “अहो, आमची चारही गुटीवरच वाढली.” मी विचारते, तुमच्या सासूबाईंना किती झाली होती आणि त्यांतली किती राहिली? बहुतेकींना आकडा माहीत असतो.