'जॉब' या शब्दाचा अर्थप्रवास : सुट्या कामापासून नोकरीपर्यंत

प्रस्तावना

'जॉब' हा इंग्रजी शब्द मराठीत आता 'नोकरी' या शब्दाचा पर्याय म्हणून सर्रास वापरला जातो. तथापि कायम वेतनाची व सुरक्षित नोकरी हा अर्थ या शब्दात मुळात नव्हता. शब्दाचे अर्थ बदलतात तेव्हा त्यामागे अनेकदा समाजातील श्रमसंबंधांचे बदल उभे असतात. या दृष्टीने इंग्लंड आणि मुंबई येथील संदर्भांत या शब्दाच्या अर्थच्छटांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

इंग्लंडमधील अर्थच्छटा

सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आढळू लागतो, तो कामाचा एक सुटा भाग या अर्थाने. अखंड चालणाऱ्या कामाहून वेगळे, ठरावीक मोबदल्यात उरकून द्यावयाचे किरकोळ काम म्हणजे 'जॉब'. पत्रिका, पावत्या, हस्तपत्रके यांची फुटकळ छपाई 'जॉब प्रिंटिंग' ठरली. घोडे व गाड्या भाड्याने देणारा 'जॉबमास्टर' म्हणून ओळखला जाऊ लागला.

सतराव्या शतकात या शब्दाला नैतिक काळिमाही चिकटला. सार्वजनिक अधिकाराचा खासगी लाभासाठी केलेला वापर 'जॉब' या नावाने निंदिला जाऊ लागला. लंडनच्या रोखेबाजारातील सट्टेबाजांना 'स्टॉक-जॉबर' म्हणत. त्यांच्या व्यवहारांना आवर घालण्यासाठी ब्रिटिश संसदेने 1697 व 1734 मध्ये कायदे केले. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या शब्दकोशातही या शब्दाकडे पाहण्याची दृष्टी तुच्छतेचीच आहे. वेतनाची जागा किंवा हुद्दा हा अर्थ रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर.

मराठीतील पूर्वीचे शब्द

'चाकरी', 'नोकरी' व 'रोजगार' हे शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आले. 'नोकर' या शब्दाचे मूळ मंगोल भाषेतील सरदाराचा साथीदार किंवा अनुचर या अर्थाच्या शब्दात आहे, तर 'रोजगार' शब्दातील 'रोज' म्हणजे दिवस. म्हणजे 'नोकरी'त धन्याशी असलेले नाते मुख्य, 'रोजगारा'त दिवसाचा हिशेब मुख्य आणि 'जॉब'मध्ये हातातले काम मुख्य. या तीन भिन्न कल्पना मुंबईच्या गिरण्यांत एकत्र आल्या.

मुंबईतील जॉबर

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेल्या गिरणीत 1856 साली उत्पादन सुरू झाले. पुढील काळात कोकण व देशावरून आलेल्या कामगारांची भरती ज्याच्या हाती एकवटली, तो 'जॉबर'. कामगार मिळवणे, त्यांच्यावर देखरेख ठेवणे, यंत्रे चालू राहतील हे पाहणे, रजा व बडतर्फी यांत शब्द टाकणे, अडचणीला उसनवार देणे ही सर्व कामे तो करी. स्त्री-कामगारांवर 'नायकीण' असे. काम मिळवण्यासाठी व टिकवण्यासाठी जॉबरला 'दस्तुरी' द्यावी लागे. सुटे काम आणि हाती आलेल्या अधिकारातून साधलेला खासगी लाभ, हे इंग्रजी शब्दाचे दोन्ही जुने अर्थ या एका व्यक्तीत मूर्त झालेले दिसतात.

मात्र जॉबरला केवळ शोषक ठरवणे अपुरे आहे. राजनारायण चंदावरकर यांनी 1994 मध्ये प्रकाशित केलेल्या अभ्यासात दाखवल्याप्रमाणे त्याची सत्ता निरंकुश नव्हती. गाव, नातेसंबंध व मोहल्ला यांच्या आधारावरच ती उभी असल्याने कामगारांचा विश्वास गमावणे त्यालाही परवडणारे नव्हते.

1929 मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात जॉबरच्या हातून भरतीचा अधिकार काढून घेण्याची शिफारस केली. 1935 पासून गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली. दारात उभ्या असलेल्यांतून माणसे निवडण्याच्या जॉबरच्या मुभेवर त्यामुळे मर्यादा आली. या सुधारणांबरोबरच 1928 च्या सार्वत्रिक संपासारखे लढे व पुढील कामगार कायदे यांतून कायमपणाचा हक्क हळूहळू आकाराला आला.

जुन्या अर्थाचे सातत्य

कायमपणाचा अर्थ रुजला, तरी मूळ अर्थ लोपला नाही. यंत्रमागाच्या धंद्यात दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणे हे 'जॉबवर्क'च होय. वस्तू व सेवा कराच्या 2017 च्या कायद्यातही या संज्ञेची व्याख्या आहे. ग्रामीण रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्याने कुटुंबास वर्षाला 100 दिवसांच्या अकुशल कामाची हमी दिली आणि त्यासाठी 'जॉब कार्ड' हा शब्द गावोगाव पोहोचवला. तेथेही 'जॉब' म्हणजे हुद्दा नव्हे, तर दिवसांनी मोजलेले काम होय.

समारोप

'जॉब' या शब्दातील सुरक्षितता ही त्याची उपजत संपत्ती नव्हे. संघटना, संप व कायदे यांनी ती त्यात भरली. जी गोष्ट इतिहासाने मिळवून दिली, ती इतिहासाच्या ओघात निसटूही शकते. कंत्राटी कामगार असो वा तासिका तत्त्वावर शिकवणारा अध्यापक, त्याचे काम 'जॉब'च्या सर्वांत जुन्या अर्थाकडे, म्हणजे मोजून दिलेल्या सुट्या कामाकडे, परतलेले दिसते. महाविद्यालयीन शिक्षण 'जॉब'शी जोडण्याचा आग्रह धरताना यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ भाषेचा उरत नाही.