अलिबागची चुंबकीय वेधशाळा : स्वयंलेखी यंत्रे आणि त्यांचे राखणदार

आपोआप चालणारे यंत्र दाराशी आले की माणसाचे काम संपले, अशी एक समजूत पुष्कळांच्या मनात घर करून बसलेली असते. ती कितपत खरी आहे हे ताडून पाहावयाचे असेल, तर विलायतेतील कारखान्यांकडे धाव घेण्याचे कारण नाही. मुंबईच्या दक्षिणेस, समुद्रमार्गाने सुमारे ३० किलोमीटरवर, नारळी-पोफळीच्या बागांत वसलेल्या अलिबाग गावी एक जुनी चुंबकीय वेधशाळा आहे. आपली नोंद आपणच करणारी यंत्रे तेथे १९०४ सालापासून चालत आली आहेत. त्या यंत्रांचा, आणि त्याहूनही त्यांची राखण करणाऱ्या माणसांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ मात्र मुंबईस होतो. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली मुंबईच्या कुलाबा बेटावर वेधशाळा स्थापिली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेण्यास प्रारंभ झाला. होकायंत्राची सुई उत्तरेकडे तोंड करून स्थिर राहते असे आपण म्हणतो. परंतु सूक्ष्मपणे पाहिले तर ती क्षणभरही स्थिर नसते. दिवस वर येतो तशी ती किंचित सरकते, दिवस कलला की परतते, आणि सूर्यावर मोठा क्षोभ झाला म्हणजे तिची चलबिचल एकाएकी वाढते. ह्या हालचाली टिपून ठेवणे हेच चुंबकीय वेधाचे काम होय.

प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखाली ज्या तरुणांनी येथे काम शिकून घेतले, त्यांत केरो लक्ष्मण छत्रे हे होते. पुढे केरूनाना या नावाने गणिती म्हणून कीर्ती पावलेले हे गृहस्थ मूळचे अलिबागनजीकच्या नागावचे. वेधशाळेत आले तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही ह्या वेधशाळेचे काम पाहिले होते. काम दिसावयास साधे होते. ठरलेल्या तासाला दुर्बिणीस डोळा लावावयाचा, टांगलेल्या चुंबकाच्या आरशात दिसणाऱ्या पट्टीवरील आकडा वाचावयाचा आणि वहीत उतरवावयाचा. पाऊस कोसळत असो की डोळ्यांवर झोप असो, तास चुकवून चालत नसे.

ह्या डोळ्यांनी घेतलेल्या वेधांचे मोल एका प्रसंगी विशेष दिसून आले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडातील रिचर्ड कॅरिंग्टन या ज्योतिषास सूर्यबिंबावर प्रखर प्रकाशाची एक झळक दिसली. दुसऱ्या दिवशी साऱ्या पृथ्वीवर चुंबकीय वादळ उसळले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. इंग्लंडात क्यू व ग्रिनिच येथे तोवर छायाचित्राच्या कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रे बसलेली होती. परंतु वादळ इतके भारी होते की प्रकाशाचा ठिपका कागदाची कड ओलांडून गेला आणि ऐन वादळाची रेघ उमटलीच नाही. मुंबईस तसे यंत्र नव्हते. तेथे माणसे होती. सुई चाळवली आहे हे पाहताच त्यांनी तासाचा नियम बाजूस ठेवला आणि दर पंधरा मिनिटांनी, काही वेळ तर दर पाच मिनिटांनी, आकडे वाचण्याचा सपाटा चालविला. नॅनोटेस्ला या परिमाणाने पाहता चुंबकाचे आडवे बल त्या दिवशी सुमारे १,६०० ने, म्हणजे एकूण बलाच्या जवळजवळ चार टक्क्यांनी, खाली आले. त्या वहीतील आकड्यांवरून वादळाच्या तीव्रतेचा अंदाज शास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केला. आकडे लिहिणाऱ्यांच्या पश्चात, १४४ वर्षांनी, त्यांच्या जागरूकतेस हे फळ आले.

तथापि यावरून यंत्रापेक्षा माणूसच श्रेष्ठ, असा निवाडा देणे हा अन्याय ठरेल. माणसाचा डोळा कितीही सावध असला, तरी दोन वाचनांच्या मधल्या मिनिटांत काय घडले हे त्यास कळत नाही. आणि रात्रंदिवस, वर्षानुवर्षे, न लवता पाहत राहणे हे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. म्हणून १८७२ च्या सुमारास कुलाब्यासही स्वयंलेखी यंत्रे बसली. त्यांची रचना समजण्यास कठीण नाही. बारीक तंतूस एक लहान चुंबक टांगलेला असतो व त्यास इवलासा आरसा जोडलेला असतो. दिव्याचा किरण त्या आरशावर पडून परततो आणि घड्याळाच्या यंत्राने सावकाश फिरणाऱ्या नळकांड्यावरील छायाचित्राच्या कागदावर जाऊन टेकतो. चुंबक केसभर हलला, तर किरण बोटभर सरकतो. दिवसाचे चोवीस तास अशी एक अखंड वेडीवाकडी रेघ कागदावर उमटत राहते.

मग माणसाचे काम संपले काय? दर तासाचे वाचन गेले, हे खरे. पण त्याच्या जागी नवीन कामांची रांग उभी राहिली. घड्याळास चावी द्यावयाची, दिव्याची ज्योत एकसारखी राखावयाची, अंधाऱ्या खोलीत कागद बदलावयाचा व रसायनात धुवावयाचा, रेघेवर वेळेच्या खुणा बरोबर पडल्या की नाहीत हे पाहावयाचे आणि रेघेची उंची मोजून तिचे आकडे करावयाचे. परंतु ह्या सर्वांहून महत्त्वाचे काम निराळेच होते. कागदावरची रेघ वर गेली की खाली आली, एवढेच यंत्र सांगते. ती कोठून मोजावयाची, हे त्यास सांगता येत नाही. तंतू कालांतराने किंचित पिळला, हवेच्या उष्णतेने एखादा भाग फुगला, तर रेघ सरकते. आणि पृथ्वीचे चुंबकत्व बदलले की यंत्रच बिघडले, हे ती रेघ पाहून कळत नाही. यास्तव ठरावीक दिवसांनी माणूस दुसरे उपकरण घेऊन हाताने चुंबकीय बलाचे मूळ माप काढतो व त्यावरून रेघेचा पाया निश्चित करतो. यंत्र फरक दाखविते; शून्य माणसास ठरवावे लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या कामावर संकट आले, आणि ते आणले दुसऱ्या एका यंत्राने. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या चालत होत्या. आता त्या विजेवर चालवावयाचे ठरू लागले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांवाटे जमिनीत झिरपतो व त्याच्या योगाने जवळपासचा चुंबक डोलू लागतो. अशा स्थितीत सूर्याची हालचाल कोणती व ट्रामची कोणती, हे निवडणार कोण? वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक डॉ. नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत ह्या प्रश्नाचा निकाल लागला. ज्या गावी ट्राम नाही आणि आगगाडीही नाही, असे अलिबाग निवडण्यात आले. त्या वेळी जिल्ह्याचे नावही कुलाबाच होते. १९८१ पासून तो रायगड म्हणून ओळखला जातो. एका कुलाब्याची यंत्रविद्या अशी दुसऱ्या कुलाब्यास गेली.

अलिबागची इमारत बांधताना जी काळजी घेतली गेली, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोकणचा काळा कातळ लोहयुक्त असून स्वतःच चुंबकीय असतो. म्हणून पोरबंदरचा दगड पारखून आणविला. लोखंडाच्या जागी तांबे-पितळ वापरले. तेथे शिरणाऱ्याने किल्ल्या व चाकू बाहेर ठेवावे, हा तर अशा वेधशाळांचा साधा शिरस्ताच आहे. १९०४ साली काम सुरू झाले. परंतु मुंबईची यंत्रे लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध चालू ठेवले आणि दोहोंतील अंतर नीट ठरवून घेतले. त्यामुळे जुन्या व नव्या आकड्यांची साखळी तुटली नाही. मुंबईत विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली, तेव्हा चुंबक सुखरूपपणे पैलतीरी पोहोचलेले होते. १८४६ ते १९०५ ह्या साठ वर्षांचे वेध मूस यांनी १९१० साली दोन भागांत प्रसिद्ध केले. जगातील अभ्यासकांनी त्या ग्रंथावर विसंबावे, ते ह्याच काटेकोरपणामुळे.

पुढे तो किनाराही बदलला. अलिबागच्या उत्तरेस थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खतकारखाना १९८५ साली सुरू झाला. अशा कारखान्यांत नैसर्गिक वायूपासून अमोनिया व त्यापासून युरिया तयार होतो. नळांतील उष्णता, दाब व प्रवाह उपकरणे मोजतात, नियंत्रक ते मोजमाप ठरविलेल्या आकड्याशी ताडून पाहतो व झडप तितकी उघडतो किंवा मिटतो. ह्या उपकरणांची निगा राखणारा गडी बहुधा आय.टी.आय.मध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचे शिक्षण घेतलेला असतो. त्याच्या पेटीत मापून खात्री केलेले एक प्रमाण उपकरण असते, आणि कारखान्यातील उपकरणे त्याच्याशी ताडणे हा त्याचा नित्याचा धर्म असतो. मोजमाप तारेतून नेताना विजेचा प्रवाह ४ ते २० मिलिअँपियर ठेवण्याची जी रीत आहे, तिच्यातही मोठे शहाणपण आहे. मोजमाप शून्य असले तरी तारेत ४ मिलिअँपियर वाहतातच. म्हणून प्रवाह अगदी नाहीसा झाला, तर तार तुटली असे समजावयाचे. खरे शून्य आणि यंत्राचे मौन ह्यांतील भेद कळावा, एवढ्यासाठी ही योजना.

रोबो ह्या शब्दाचा उगम कारेल चापेक ह्या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकात आहे; मूळ शब्दाचा अर्थ वेठबिगार. आज कारखान्यात जोडकाम करणारा यंत्राचा हात घ्या. त्याच्या प्रत्येक सांध्यास आपण किती फिरलो हे मोजणारा गणक असतो. त्याची बॅटरी संपली तर अनेकदा तो आपले मूळ स्थान विसरतो, आणि तंत्रज्ञाने खुणेस खूण जुळवून ते त्यास पुन्हा शिकवावे लागते. कुलाब्याच्या अंधाऱ्या खोलीत रेघेचा पाया ठरविणारा साहाय्यक आणि आजचा हा तंत्रज्ञ एकाच कुळातील होत.

यंत्रामुळे कोणाचेच काम गेले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. रात्री दर तासाला आकडे वाचणारा माणूस गेला, तो परत आला नाही. परंतु जो राहिला, त्याच्यावरील जबाबदारी वाढली. वाचताना चूक झाली, तर एक आकडा बिघडे. शून्य चुकले, तर सगळे आकडे बिघडतात, आणि तेही दिसावयास निर्दोष राहतात. म्हणूनच आपल्या मुलांनी असले शिक्षण घ्यावे की काय, असा प्रश्न घरोघर निघतो तेव्हा केवळ कळ दाबण्याचे कौशल्य पुरेसे समजू नये. यंत्र बरोबर बोलत आहे की नाही, ही शंका वेळेवर येणे आणि ती कष्टाने फेडणे, हीच खरी विद्या.

अलिबागेस आता आकडे विद्युत्-उपकरणांनी नोंदले जातात. १९७१ पासून स्वायत्त झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था ते काम पाहते. तरीसुद्धा जगातील बहुतेक चुंबकीय वेधशाळांतून मूळ माप घेण्याकरिता अद्याप माणूसच लागतो. खिशातील किल्ल्या बाहेर ठेवून तो आत जातो, दुर्बिणीस डोळा लावतो आणि आकडा लिहून घेतो. केरूनानांच्या वेळी लिहीत असत, तसाच.