अलीगढचे विद्यार्थी आणि संस्थेचा हक्क

एखादी संस्था कोणाची, हा प्रश्न तिच्या इमारतीच्या कोनशिलेवरून सुटत नाहीं. कोनशिलेवर दात्याचें नांव असतें, कायद्याच्या पुस्तकांत सरकारचें असतें, कारभाराच्या वह्यांत विश्वस्तांचें असतें. परंतु ज्यांच्यासाठीं ती संस्था निघाली त्या विद्यार्थ्यांचें नांव बहुधा हजेरीपटाबाहेर कोठेंच सांपडत नाहीं. प्रस्तुत लेखकाचें अर्धें आयुष्य कॉलेजच्या वर्गांत गेलें आहे. विद्यार्थ्यांनीं वर्ग सोडून रस्त्यावर यावें हें शिक्षकास स्वभावतःच रुचत नाहीं, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. तथापि अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसून येतें कीं, 'ही संस्था कोणाची?' हा प्रश्न तेथें विद्यार्थ्यांनींच वारंवार विचारला. कधीं विवेकानें विचारला, कधीं अविवेकानें. आणि दोहोंचीं फळें पुढील पिढ्यांस भोगावीं लागलीं.

सर सय्यद अहमद खान १८६९ सालीं विलायतेस गेले व तेथील विद्यापीठें पाहून परतले. त्यांच्या खटपटीनें २४ मे १८७५ रोजीं अलीगढास शाळा सुरू झाली, आणि ८ जानेवारी १८७७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं कॉलेजची कोनशिला बसविली. हें कॉलेज मुसलमानांच्या उन्नतीसाठीं निघालें असलें तरी त्याचीं दारें इतरांस बंद नव्हतीं. त्याचा पहिला पदवीधर ईश्वरीप्रसाद हा हिंदु होता. १८८४ मध्यें केंब्रिजच्या धर्तीवर तेथें वादसभा निघाली. मुलांनीं उभें राहून बोलावें, प्रतिपक्षाचें ऐकून घ्यावें, मत मोजून निर्णय करावा, हें शिक्षण त्यांस तेथें मिळूं लागलें. परंतु खरें राजकारण मात्र त्यांनीं करूं नये, अशी स्वतः सर सय्यद व प्रिन्सिपॉल थिओडोर बेक या दोघांचीही इच्छा होती. पोहणें शिकवावयाचें आणि नदीकडे जाऊं द्यावयाचें नाहीं, असा हा प्रकार होता. तो फार दिवस टिकणें शक्य नव्हतें.

पहिला भडका १९०७ च्या फेब्रुवारींत उडाला. अलीगढच्या प्रदर्शनांत एका विद्यार्थ्याची पोलीस शिपायाशीं चकमक झाली. निमित्त क्षुल्लकच, परंतु प्रिन्सिपॉल आर्चबोल्ड व इतर इंग्रज अध्यापक यांनीं आपली बाजू न घेतां पोलिसांची घेतली, असें विद्यार्थ्यांस वाटलें. शिक्षा झाल्या, त्यांवर संप झाला, आणि कॉलेज कांहीं काळ बंद ठेवावें लागलें. याच्या अवघ्या चार महिन्यांपूर्वीं, १ ऑक्टोबर १९०६ रोजीं, सिमल्यास मुसलमान पुढाऱ्यांचें शिष्टमंडळ व्हाइसरॉयास भेटलें होतें. कॉलेजचे चिटणीस मोहसिन-उल्-मुल्क यांनीं त्यासाठीं खटपट केली होती, आणि सरकारशीं मध्यस्थी याच आर्चबोल्डसाहेबांनीं केली होती. एकीकडे समाजाच्या वतीनें सरकारपाशीं हक्क मागावयाचे, आणि दुसरीकडे त्याच समाजाच्या मुलांनीं न्याय मागितला तर त्यांस गप्प बसवावयाचें, या विसंगतीवर त्या पोरांनीं नेमकें बोट ठेविलें. मोहसिन-उल्-मुल्क त्याच वर्षीं ऑक्टोबरांत वारले. त्यांच्या मागून आलेले विकार-उल्-मुल्क यांचें प्रिन्सिपॉलाशीं अधिकारावरून वितुष्ट आलें, आणि १९०९ मध्यें आर्चबोल्ड यांस जावें लागलें. कारभाराचें वजन इंग्रज प्रिन्सिपॉलाकडून विश्वस्तांकडे सरकलें, याचा आरंभ त्या संपांत आहे.

परंतु विश्वस्तांकडे आलेली सत्ता ही विद्यार्थ्यांकडे आलेली सत्ता नव्हे. १९२० च्या ऑक्टोबरांत महात्मा गांधी व अलीबंधु अलीगढास आले आणि सरकारी मदत सोडा असें त्यांनीं आवाहन केलें. विश्वस्तांनीं तें नाकारलें. अनेक विद्यार्थ्यांनीं मानलें. मौलाना महंमद अली हे याच कॉलेजचे जुने विद्यार्थी. त्यांच्या नेतृत्वाखालीं २९ ऑक्टोबर १९२० रोजीं अलीगढांतच 'जामिया मिल्लिया इस्लामिया' या राष्ट्रीय विद्यापीठाची स्थापना झाली. बाहेर पडलेल्या तरुणांत झाकिर हुसेन हे एक होते. ही संस्था १९२५ मध्यें दिल्लीस गेली. इकडे मूळ कॉलेजचें विद्यापीठ करण्याचा कायदा झाला व तो १ डिसेंबर १९२० पासून अमलांत आला. मुसलमान समाजानें वर्षानुवर्षें वर्गणी गोळा केली होती. सरकारची अट तीस लक्षांच्या निधीची होती. त्या कायद्यान्वयें विद्यापीठाच्या कोर्टांत, म्हणजे सर्वोच्च सभेंत, केवळ मुसलमान सभासदच असावयाचे होते. म्हणजे एकाच शरदृतूंत एकाच गांवीं दोन विद्यापीठें जन्मास आलीं: एक कायद्यानें, दुसरें कायद्याच्या विरोधानें.

पुढील पंचवीस वर्षांची हकीकत थोडक्यांत सांगतां येते, जरी ती हलकी नाहीं. १९३६ मध्यें अली सरदार जाफरी यांस राजकीय चळवळीबद्दल विद्यापीठांतून काढून टाकण्यांत आलें. पुढें ते मुंबईस स्थायिक झाले व उर्दूचे थोर कवि म्हणून गाजले. दहा वर्षांनीं वारें पालटलें होतें. १९४५-४६ च्या निवडणुकींत अलीगढचे शेंकडों विद्यार्थी मुस्लिम लीगच्या प्रचारास गांवोगांव गेले. हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्यांतील जे येथेंच राहिले त्यांच्या मुलांनीं आणि नातवांनीं त्या निवडणुकीचा जाब किती काळ द्यावा, हाही प्रश्न इतिहासकारास टाळतां येत नाहीं. १९४८ मध्यें झाकिर हुसेन यांनीं अलीगढचें कुलगुरुपद पत्करलें. ज्या संस्थेंतून ते बंड करून निघाले होते तिलाच सांवरण्याचें काम त्यांच्या वांट्यास आलें.

आतां त्या घटनेकडे वळूं, जिच्यावर पुढचें सर्व अवलंबून आहे. १९५१ च्या दुरुस्तीनें कोर्टांत केवळ मुसलमानच असावे हें बंधन गेलें. १९६५ मध्यें प्रवेशाचा वाद पेटला. विद्यापीठाच्याच विद्यार्थ्यांसाठीं प्रवेशाच्या शेंकडा ७५ जागा राखून ठेवल्या जात, त्या ५० वर आणण्याचें ठरलें. ही राखीव सोय धर्मावर नव्हती, घरच्या विद्यार्थ्यांसाठीं होती. परंतु व्यवहारांत तिचा लाभ मुख्यतः मुसलमान मुलांस होई, म्हणून ती कमी होणें हा समाजावरील घाला वाटला. तक्रार मांडण्याजोगी होती. परंतु २५ एप्रिल १९६५ रोजीं कोर्टाची सभा चालू असतां जमाव आंत घुसला, आणि कुलगुरु अली यावर जंग जबर जखमी झाले. वादसभेच्या संस्थेंत वादाची जागा हातांनीं घेतली.

याचें फळ तत्काळ मिळालें. त्या वेळचे शिक्षणमंत्री मोहमद अली करीम छागला, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश, यांच्या कारकीर्दींत मे महिन्यांत वटहुकूम निघाला व मागून कायदा झाला. कोर्टाचे अधिकार जाऊन तें केवळ सल्लागार मंडळ उरलें. याविरुद्ध कांहीं मुसलमान नागरिक सर्वोच्च न्यायालयांत गेले. घटनेच्या ३० व्या कलमानें अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे, हा त्यांचा आधार. अझीझ बाशा खटला या नांवानें प्रसिद्ध असलेला निकाल १९६७ च्या ऑक्टोबरांत लागला: हें विद्यापीठ कायद्यानें स्थापन झालें, मुसलमानांनीं स्थापलें नाहीं, आणि ज्यांनीं स्थापलें नाहीं त्यांस चालविण्याचा हक्क नाहीं. दैवयोग असा कीं, त्या वेळीं राष्ट्रपतिपदावर झाकिर हुसेन होते.

या तर्कांतील कच्चा दुवा सामान्य वाचकाच्याही लक्षांत येण्यासारखा आहे. सरकारमान्य पदव्या देणारें विद्यापीठ १९२० मध्यें कायद्यावांचून काढतांच येत नव्हतें. बापानें वाढविलेल्या मुलाचें नांव सरकारी दप्तरांत कारकुनानें नोंदविलें, म्हणून कारकून बाप ठरत नाहीं. १९७२ च्या कायद्यानेंही समाधान झालें नाहीं. विद्यार्थ्यांनीं व माजी विद्यार्थ्यांनीं वर्षानुवर्षें सभा, निदर्शनें व निवेदनें यांच्या मार्गानें चळवळ चालविली, आणि १९८१ मध्यें संसदेनें 'हिंदी मुसलमानांनीं स्थापलेलें विद्यापीठ' असे शब्द कायद्यांत घातले. एका दिवसाच्या मारहाणीनें जें गमावलें त्यांतील कांहीं परत मिळविण्यास सोळा वर्षांचा संयम लागला. तेंही अर्धवटच, कारण २००५-०६ मध्यें अलाहाबाद उच्च न्यायालयानें या दुरुस्तीच्या आधारें दिलेल्या राखीव जागा रद्द केल्या.

हक्क मागणाऱ्या समाजाच्या पोटांतही हक्कहीन असतात, हें येथें विसरतां कामा नये. विद्यापीठाच्या पहिल्या कुलपति भोपाळच्या सुलतान जहान बेगम या स्त्री होत्या. असें असतां विमेन्स कॉलेजच्या पदवीपूर्व विद्यार्थिनींस मध्यवर्ती ग्रंथालयांत प्रवेश नव्हता! त्यांच्या विद्यार्थिनी-संघानें ही मागणी लावून धरली, आणि नोव्हेंबर २०१४ मध्यें उच्च न्यायालयानें दार उघडविलें. माझ्या मतें हा लढा विद्यापीठाच्या अल्पसंख्याक-स्वरूपाच्या लढ्याहून निराळा नाहीं. बाहेरच्यास जो न्याय मागावयाचा तो आंतल्यास नाकारला, तर मागणीचें नैतिक बळच नाहींसें होतें.

१५ डिसेंबर २०१९ च्या रात्रीं नागरिकत्वाच्या नव्या कायद्याविरुद्ध निदर्शनें चालू असतां पोलीस प्रथम दिल्लींत जामियांत आणि मागून अलीगढांत शिरले. १९२० मध्यें फुटून निघालेल्या दोन संस्था नव्याण्णव वर्षांनीं एकाच रात्रीं एकाच संकटांत सांपडल्या. अलीगढास मॉरिसन कोर्ट या वसतिगृहांतही अश्रुधूर पोंचला. आणि मॉरिसनसाहेब हे बेकनंतरचे प्रिन्सिपॉल होते. मानवी हक्क आयोगाची चौकशी झाली, आणि २०२० मध्यें उच्च न्यायालयानें जखमी विद्यार्थ्यांस भरपाई देण्यास सांगितलें.

शेवटीं ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनीं चार विरुद्ध तीन मतांनीं अझीझ बाशाचा निकाल मोडीत काढला. बहुमताचा निकाल मराठी घराण्यांतले सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनीं लिहिला. कायद्यानें संस्थेस रूप दिलें एवढ्यावरून स्थापना ठरत नाहीं. कल्पना कोणाची, हेतु कोणासाठीं, पैसा व परिश्रम कोणाचे, हें पाहिलें पाहिजे, असें तत्त्व त्यांत सांगितलें आहे. अलीगढास तें कसें लागूं होतें, हा निर्णय मात्र दुसऱ्या खंडपीठावर सोपविण्यांत आला.

कोनशिलेमागें जाऊन माणसें शोधा, असेंच जणू न्यायालयानें सांगितलें. तीं शोधूं लागल्यास वर्गणी देणारे सांपडतील, सर सय्यद सांपडतील. आणि प्रदर्शनांतल्या शिपायाशीं हुज्जत घालणारा तो १९०७ चा विद्यार्थी व ग्रंथालयाच्या दाराशीं उभी राहिलेली २०१४ ची विद्यार्थिनी, हींही सांपडावींत. १९६५ च्या जमावासही वगळतां येणार नाहीं. कारण आपल्या चुकीची किंमत मोजणें हाही वारशाचाच भाग आहे. विद्यार्थ्यांनीं वर्ग सोडूं नये असें मला अद्यापि वाटतें. परंतु अलीगढचा इतिहास वाचून झाल्यावर, ते वर्ग सोडतात तेव्हां आम्हां शिक्षकांनीं आधीं काय सोडलेलें असतें, हेंही विचारल्यावांचून राहवत नाहीं.