मॉरिशसने मोजणे थांबवले, मग मुले कुठे गेली?

जात मोजली की समाज फुटतो, हे जातनिहाय जनगणनेच्या विरोधकांचे जुने पालुपद. हिंदी महासागरातल्या मॉरिशसने चार दशकांपूर्वी समाजघटक मोजणे बंद करून पाहिले. त्यातून शिक्षणाचे काय झाले, हे आपण तपासायलाच हवे.

1 फेब्रुवारी 1835 रोजी तिथे गुलामगिरी कायद्याने संपली. ब्रिटिश सरकारने गुलामांची काटेकोर नोंद केली, त्यांची किंमत ठरवली आणि 20 लाख पौंडांहून अधिक भरपाई मालकांना दिली. गुलामांना एक पैसाही मिळाला नाही. मालकाचे नुकसान भरायचे असते तेव्हा सरकारला मोजणी बरोबर जमते!

1968 साली देश स्वतंत्र झाला. संविधानाने चार समूह मानले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेली 'सर्वसाधारण लोकसंख्या'. या चौथ्या रकान्यात उसाच्या मळ्यांचे गोरे मालक आणि गुलामांचे वंशज असलेले क्रिओल एकत्र कोंबले गेले. मालक आणि गुलाम यांची सरासरी काढली तर ती कोणाची स्थिती सांगणार?

1982 मध्ये समूहाचा हा प्रश्न जनगणनेतून काढला. हेतू जमातवाद रोखण्याचा होता. पण संसदेतल्या 'बेस्ट लूझर' जागा वाटायला 1972 चे जुने आकडे वापरले जातच राहिले. राजकारणाला लागणारा आकडा टिकला. शाळेला लागणारा आकडा तयारच झाला नाही.

दरम्यान 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले होते. देशाच्या सरासरीचे कौतुक होत राहिले. 1993 मध्ये रोजे सेर्वो या क्रिओल पाद्रींनी आपल्या समाजाच्या दुखण्याला 'क्रिओल अस्वस्थता' हे नाव दिले, तेव्हा सरासरीखाली दडलेले लोक बोलू लागले.

2003 च्या सुमारास सरकारने शाळानिहाय निकाल तपासले. प्राथमिकच्या अंतिम परीक्षेत पाच वर्षे 40 टक्क्यांहून कमी निकाल लागलेल्या शाळा निवडून त्यांना जादा मदत दिली. ही खरी सुधारणा होती. पण तिच्यात शाळा दिसते, मूल दिसत नाही. चांगल्या निकालाच्या शाळेत मागे पडलेले गरीब मूल या यादीत येतच नाही.

भाषेचेही तेच. मुले घरी क्रिओल बोलतात, पाठ्यपुस्तके इंग्रजीत. कोकणातून गेलेल्या गिरमिटियांच्या वंशजांना शाळेत मराठी शिकता येत होती; क्रिओल मात्र ऐच्छिक विषय म्हणून प्राथमिक शाळेत आली ती 2012 मध्ये.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातल्या शिक्षणाचे आकडे वर्गवार मांडले. लोकसंख्येत दुसरा असलेला, अस्पृश्यांचा समावेश असलेला मागास वर्ग प्राथमिक, माध्यमिक आणि महाविद्यालयीन या तिन्ही पायऱ्यांवर शेवटचा होता. वर्गवार आकडे नसते तर हा अन्याय सिद्धच झाला नसता.

म्हणून मॉरिशसच्या शिक्षण खात्याने प्रत्येक मुलाची घरची भाषा, वस्ती, कुटुंबाची मिळकत आणि शाळा कोणत्या इयत्तेत सुटली हे नोंदवावे. नावे गुप्त ठेवावीत, निष्कर्ष जाहीर करावेत. समाज फुटतो तो विषमतेने. ती मोजणाऱ्यावर फुटीचा आळ घेणे ही प्रस्थापितांची सोय आहे, तिथेही आणि इथेही.