वादीतले पाणी ओलांडताना

मंडळी, थंडी सुरू झाली की आपल्यापैकी अनेकांचे पाय हजर पर्वताकडे वळतात. हत्ता, रास अल खैमातील शौका, फुजैराकडचे डोंगर... सह्याद्रीची आठवण इथेच थोडी भागते. पण इथला पाऊसही मुख्यतः याच दिवसांत, साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये पडतो. म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहोत.

वादी म्हणजे आपली वाडी नव्हे, तर डोंगरातले कोरडे नदीपात्र. पावसाळ्यात सह्याद्रीत ओढा भरलेला असणार, हे आपण धरूनच निघतो. वादी मात्र एरवी कोरडीच दिसते आणि फसवते. हजरच्या उघड्या खडकावर पाणी मुरत नाही. वरच्या डोंगरात पाऊस झाला की डोक्यावर निळे आकाश असतानाही लोंढा येऊ शकतो. १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐन भागातील खत्म अल शक्ला येथे २४ तासांच्या आत २५४.८ मिमी पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींतला हा उच्चांक!

निघण्यापूर्वी
राष्ट्रीय हवामान केंद्राचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे पाहावेत. डोंगरात पावसाचा अंदाज असेल तर बेत पुढे ढकलावा. आपली वाट आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी. तंबू पात्रात कधीही लावू नये.

केव्हा ओलांडू नये
पाणी गुडघ्याच्या वर असेल, गढूळ असेल, फांद्या वाहून आणत असेल, दगड गडगडल्याचा आवाज येत असेल किंवा खाली धबधबा असेल, तर थांबावे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. बरोबर लहान मुले असतील तर प्रयत्नच करू नये.

ओलांडावेच लागले तर
१. पात्र रुंद आणि पाणी उथळ असेल ती जागा निवडावी.
२. बूट काढू नयेत.
३. सॅकचे कमरेचे व छातीचे पट्टे सोडावेत, म्हणजे पडल्यास ती टाकून देता येते.
४. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवून, काठी टेकत, एका वेळी एकच पाऊल उचलावे.
५. दोर कमरेला बांधू नये.
६. वाहून जाऊ लागल्यास उताणे व्हावे आणि पाय पुढे ठेवावेत.
७. पलीकडे गेल्यावर ओले कपडे लगेच बदलावेत. वारा असेल तर हुडहुडी भरते.

गाडीचेही तेच. साधारण फूटभर वाहते पाणी लहान गाडी तरंगवू शकते. २०२३ मध्ये झालेल्या नियमानुसार पूर आलेल्या वादीत गाडी घातल्यास २००० दिरहम दंड, २३ काळे गुण आणि ६० दिवस गाडीजप्ती आहे. पावसात वादीजवळ नुसती गर्दी केली तरी १००० दिरहम आणि ६ गुण!

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी वाढत असताना ते प्रवाहाच्या मध्येच अडकले होते. अशा वेळी पोहता येणे फारसे उपयोगी पडत नाही.

वादीचा पूर बहुधा काही तासांत ओसरतो. तोवर उंचावर बसून राहावे. डब्यातल्या दशम्या त्यासाठीच असतात! अडचण आल्यास पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८, नागरी संरक्षण दल ९९७.